तीनदा विचारायचं असतं

फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या छापखान्यात एका पत्रकाची प्रुफं वाचत होतो. "गणपतमामा गेले रे," एवढंच आई म्हणाली. मी ते पान पूर्ण वाचलं, दोन चुका दुरुस्त केल्या आणि एसटी स्टँडकडे निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले... रडू अजून आलेलं नाही.

मामा येलदरी धरणावरच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचे कित्येक वर्षं अध्यक्ष होते. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, तीही मोर्च्यांच्या पत्रकांवरून. ताडकळसच्या बाजारात रद्दीत त्यांना रशिया-युक्रेनकडच्या कोसॅक घोडेस्वारांवरचं एक फाटकं पुस्तक सापडलं होतं. त्यातला 'अतामान' त्यांना फार आवडला. अतामान म्हणजे त्या घोडेस्वारांनी सभा भरवून निवडलेला पुढारी.

"शब्द आला कुठून, मामा?"

"पंडितांचं एकमत न्हाई. कुणी म्हणतंय तुर्की, 'अता' म्हंजे बाप. कुणी म्हणतंय जर्मन, म्हंजे म्होरक्या. आपल्याला बाप बरा. पर ह्यो बाप पटला न्हाई तर बदलता येतोय, ध्यानात ठिव!"

त्याच पुस्तकातली एक रीत त्यांनी सोसायटीत आणली. निवडलेल्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मान तुकवायची. मग जुन्या माणसांनी त्याच्या डोक्यावर चिखल ठेवायचा, माज येऊ नये म्हणून. धरणाच्या काठचा गाळ घमेल्यात यायचा आणि मामा खाली बसून म्हणायचे, "जरा जास्त घाला लेको, मागल्या खेपी लय मिजास आलती!"

गेल्या निवडणुकीआधी मी पत्रक काढलं : एकच माणूस पुन्हा पुन्हा अध्यक्ष, ही कसली लोकशाही? मामांनी ते वाचलं. "मुद्दा बरोबर हाय. शेवटचं वाक्य लांबलंय," म्हणाले.

सभेत त्यांचं नाव आलं. रीतीप्रमाणे ते हात जोडून म्हणाले, "न्हाई, मला नको." मी उठलो. "मामांनी नकार दिलाय. नोंद करा, दुसरं नाव घ्या." दोघंचौघं हसले, त्यांना थट्टा वाटली. सोसायटीची जुनी सभासद रखमाकाकू ओरडली, "आरं, तीनदा विचारायचं असतंय!"

"नाही म्हणजे नाही," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर सभा त्यांचीच होती. पण खुर्ची मागून घेणारा अतामान कसला? ते खाली बसले. दुसरा माणूस निवडून आला. त्याने इस्त्रीच्या शर्टाकडे बोट दाखवून चिखल नको म्हटलं.

नंतर मामांचा निरोप आला होता, "पत्रकवाल्याला म्हणावं, एकदा येऊन जा." मी गेलो नाही. माझा मुद्दा बरोबर होता. आजही बरोबर आहे. पण त्यांच्या त्या नकाराचा अर्थ मला ठाऊक होता, आणि ठाऊक असूनच मी उठलो होतो.

परवा सोसायटीत गेलो. घमेलं कोपऱ्यातच आहे. त्या सभेसाठी आणलेला गाळ सुकून भेगाळलाय. रखमाकाकू झाडत होती.

"टाकू का रे हे?"

"नको."

दाराशी जाऊन ती वळली. "टाकू?"

"नको, काकू."

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.