साधी गाठ

टँकरच्या पाण्याचा तो ब्लीचिंगचा उग्र वास आला की मला अजून धडकी भरते. दुष्काळाचं वर्ष होतं. वैजापूरहून आणलेले माझे वडील, आमचे दादा, शहरातल्या दवाखान्यात भरती होते. त्यांना कॅन्सर होता, पण आम्ही त्यांना ‘साधी गाठ’ एवढंच सांगितलं होतं. एका दुपारी एक विद्यार्थिनी खाटेशी आली. पेशंट दवाखान्यावर समाधानी आहेत का, हे ती विचारत फिरत होती. पाणी वेळेवर मिळतं का? “टँकर आला की मिळतं,” दादा हसले. मग तिनं विचारलं, “तुमचा आजार काय आहे, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं का?” दादांच्या पाठीमागून मी तिला मानेनं नको नको म्हणत राहिले. तेवढ्यात दादा म्हणाले, “बाई, जरा पाणी आण.” लेकीला ते बाईच म्हणायचे. मी टाकीकडं पळत सुटले. तिनं तो शब्द उच्चारला तर, या धास्तीनं येताना अर्धा ग्लास सांडला. पडद्याआडून दादांचा आवाज आला, “समजावलं की. म्या डॉक्टरला म्हणलं, मला कॅन्सरचं कळलंय हे आमच्या बाईला सांगू नका, लई भित्री हाय ती. त्यानं शब्द पाळला, त्याचं लई समाधान हाय.” मी आत जाऊन ग्लास पुढं केला. “साधी गाठ हाय, जाईल,” दादा म्हणाले. “व्हय,” मी म्हणाले. परवा माझ्या हातात माझ्या तपासणीचा रिपोर्ट पाहून मुलानं विचारलं, “आई, काय निघालं?” नळाला टँकरचंच पाणी होतं. ग्लास भरता भरता मी म्हणाले, “काही नाही रे, साधी गाठ आहे.”