काकांचे भगदाड
१४ नोव्हेंबरला दुपारी साडेतीन वाजता विभागप्रमुखांनी ठिगळकाकूंच्या टेबलावर एक कागद ठेवला. कोडमधला दोष शोधल्याबद्दलच्या बक्षिसाची रक्कम त्यावर छापलेली होती: एक लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे. खाली काकूंची सही तेवढी व्हायची होती.

काकू सव्वीस वर्षे त्याच कंपनीत होत्या. कंपनी दुकानांसाठी बिलाची यंत्रे बनवत असे. त्या यंत्रांच्या पोटात जी ऑपरेटिंग सिस्टीम चाले, तिचा गाभा, म्हणजे कर्नल, जगभरच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेला. त्यातल्या कच्च्या जागा शोधायच्या आणि तिथे दुरुस्तीचे ठिगळ लावायचे, हे काकूंचे काम. पहिल्यांदा कुणीतरी टोमणा म्हणून 'ठिगळकाकू' म्हटले. आता खऱ्या नावाने हाक मारली तर त्या मान वर करत नसत.

या खेपेला सापडलेला दोष फार जुना होता. प्रोग्रॅम मेमरीतली जागा वापरतो ती भाड्याच्या खोलीसारखी. काम झाले की किल्ली परत करायची. बारकोड वाचणाऱ्या यंत्राची वायर उपटली की त्याची खोली रिकामी होई, किल्लीही परत जाई. पण कोडमधल्या एका टायमरकडे दुसरी किल्ली राहून गेली होती. दोन सेकंदांनी तो खुशाल दार उघडून आत शिरे. तोवर तिथे दुसराच भाडेकरू आलेला असे. तो साधा असला तर यंत्र बंद पडे. मुद्दाम आणून बसवलेला चोर असला तर सगळ्या दुकानाच्या चाव्या त्याच्या कमरेला.

ठिगळ तयार होते. राहिले होते पत्र. कर्नलच्या जगाचा रिवाज असा, की दुरुस्तीसोबत पत्र जाते आणि कोणत्या जुन्या बदलातून हा दोष आला, ते त्यात एका ओळीत लिहायचे असते. कुणाची अब्रू काढायला नव्हे. किती जुन्या यंत्रांपर्यंत दुरुस्ती न्यायची ते त्यावरून ठरते.

काकूंनी शोध घेतला तर पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याचे नाव आले. चार वर्षांपूर्वीचे. पण त्याने तेव्हा फाईली एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवल्या होत्या, एवढेच. काकू आणखी मागे गेल्या. एकोणीस वर्षांपूर्वीच्या नोंदीवर नाव होते त्यांच्या नवऱ्याचे.

काका दोनच वर्षांपूर्वी त्याच कंपनीतून निवृत्त झाले होते. "माझ्या कोडमधून मुंगी शिरणार नाही," हे त्यांचे आवडते वाक्य. आणि बक्षिसाच्या नियमांत कलम सहा होते: दोष स्वतःचा किंवा कुटुंबातल्या माणसाचा असल्यास बक्षीस नाही. कलम लिहिणारा शहाणा होता. नाहीतर घरी खड्डा खणायचा आणि ऑफिसात बुजवायचा, हा बरा जोडधंदा झाला असता.

संध्याकाळी काका स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते.

"अहो, एक गोष्ट दाखवायची आहे. चिडायचं नाही."

"म्हणजे चिडण्यासारखी आहे."

काकूंनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, त्याला बारकोड वाचणाऱ्या यंत्राची वायर जोडली आणि उपटली. पडदा गोठला.

"केबल खराब आहे," काका म्हणाले.

काकूंनी केबल बदलली. यंत्राने पुन्हा मान टाकली.

"वीज कमीजास्त होत असेल."

"बॅटरीवर चाललंय, अहो."

तिसऱ्यांदा काकांनी स्वतः वायर काढली, झोपलेल्या बाळाच्या काखेतून थर्मामीटर काढावा इतक्या हळू. व्हायचे तेच झाले. मग त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कोड वाचला.

"कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?"

काकू गप्प बसल्या. पण गप्प बसण्याच्याही तऱ्हा असतात, आणि तीस वर्षांच्या संसारात काकांना ही तऱ्हा पाठ झाली होती.

"मी?"

"एकोणीस वर्षांपूर्वी. नऊ मार्चला."

"टायमर थांबवायचा होता. त्या दिवशी..."

"काय त्या दिवशी?"

"काही नाही. थांबवायला विसरलो." काकांनी सोललेलाच बटाटा पुन्हा सोलायला घेतला. "आणि बक्षीस?"

"कलम सहा."

"मग मागच्या खोलीचं छप्पर?"

"गळेल. बादली आहेच."

काकांनी पडद्यावरच्या नोंदींवर नजर टाकली. "चष्मेवाल्याचं नाव आपोआप येतंय ना? येऊ दे की. तरुण आहे, पचवेल."

"त्याने नुसतं सामान हलवलं. आणि त्याचं नाव घातलं तर चार वर्षांहून जुन्या यंत्रांना कुणी हात लावणार नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं यंत्र किती जुनं आहे?"

काकांना विचारायची गरज नव्हती. ते त्यांनीच बसवून दिले होते, सहा वर्षांपूर्वी.

"लिही," ते म्हणाले. "पण आधी तुझं ठिगळ मी तपासणार."

बटाटे तसेच राहिले. काकांनी मोजून दोनशे वेळा वायर उपटली. मग त्यांनी वायर तशीच ठेवून लॅपटॉपच बंद करायला घेतला, आणि पडदा गोठला.

"या वाटेने अजून शिरतोय तुझा चोर!" काकांचा चेहरा असा खुलला, की जणू बक्षीस त्यांनाच लागले.

काकूंनी तीही वाट बुजवली. पत्रात काकांचे नाव दोनदा आले: दोष कुणाचा, त्या ओळीत आणि दुरुस्ती तपासली कुणी, त्या ओळीत.

सकाळी पत्र पाठवून काकूंनी बक्षिसाचा कागद सही न करताच परत केला.

विभागप्रमुख म्हणाले, "काकू, बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं होतं ना, साहेब," काकू म्हणाल्या. "आणि पत्र जगभर जातं. त्यात आडनावासकट लिहावं लागतं."

चष्मेवाला पलीकडून ओरडला, "काकू, माझ्यावरची बला टळली! काकांना चहा पाजायला बोलवा."

दुपारी काका खरेच आले. दारातच कुणीतरी विचारले, "काय काका, मुंगी?"

"मुंगी कसली, बैल गेला बैल! गाडीसकट!" काका म्हणाले. "भगदाड माझं, चहाही माझा."

अठरा जणांचा चहा झाला. बिल तीनशे साठ झाले आणि काकांच्या खिशात तीनशे निघाले. चहावाल्याचे साठ अजून द्यायचे आहेत.