माझ्या श्रद्धांजलीला माझेच जोडलेले हात

माझ्या निधनाबद्दल मी स्वतः शोक व्यक्त केला, तेव्हा मी पोहे खात होतो.

झालं असं. महिन्याभरापूर्वी मी भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालो. निरोप समारंभात झेंडूचा एवढा मोठा हार घातला की माझं नाक आणि चष्मा तेवढा बाहेर राहिला. असल्या सोहळ्यांची मला भारी चीड (सोहळा माझा नसेल तेव्हा). तो फोटो मी काळापांढरा करून घेतला, कारण रंगीत फोटोत मी लग्नातला आचारी दिसत होतो आणि काळ्यापांढऱ्यात विचारवंत. तोच मोबाईलवर माझ्या नंबरला लावला आणि खाली लिहिलं, 'आता फक्त विश्रांती.'

त्या सकाळी आमच्या खात्याच्या ग्रुपवर माझ्या हाताखाली काम केलेल्या देशकरचा मेसेज आला, 'आपले लाडके साहेब आपल्याला सोडून गेले.' सोबत फोटो. डेटा वाचावा म्हणून मी फोटो आपोआप उघडू देत नाही. मला नुसता धुरकट चौकोन दिसला. आमच्या खात्यात लाडकं कोणीच नव्हतं, पण मेल्यावर सगळेच होतात. एका हातात चमचा धरून दुसऱ्या हाताचा अंगठा चालवला, 'भावपूर्ण श्रद्धांजली. माणूस सज्जन होता.' वर दोन हात जोडले.

(सिविक सेंटरच्या बाजारातल्या चहाच्या टपरीवर 'न वाचता काही पुढे पाठवू नका' हे व्याख्यान मीच देतो.)

थोड्या वेळाने माझ्या बायकोचा, नंदाचा, फोन वाजायला लागला. ती आंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. मी "हॅलो" म्हणालो की पलीकडे कोणाचा तरी श्वास अडकायचा आणि फोन बंद! पुन्हा वाजला, पुन्हा तेच. भर सकाळी माझ्या अंगावर काटा आला. काय प्रकार आहे म्हणून ग्रुपवर तो धुरकट चौकोन उघडला, तर हारातून माझंच नाक वर आलं.

खुलासा लिहायला गेलो, तेवढ्यात देशकरने मला ग्रुपमधून काढून टाकलं. त्याला फोन लावला.

"कोण बोलून राहिलं?"

"मी बोलून राहिलो, बन्सोड!"

अगदी हळू आवाजात, "कुठून, साहेब?"

"घरून! मी जिवंत आहो!"

"पण साहेब, खबर तं पक्की आहे. तुमचा हारातला फोटो पाहून टाकली, मंग तुमच्या नंबरवरूनच श्रद्धांजली आली ना! आमाले वाटलं, वहिनींनी लिहिलं. गेलेल्या माणसाचा नंबर ग्रुपमध्ये ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून..." त्याचा आवाज आणखी खाली गेला. "काही इच्छा राहून गेली काय?"

इथवर हसण्यासारखं होतं. मग नंदा बाहेर आली आणि स्वतःचा फोन पाहून तो माझ्या नाकासमोर धरला.

"अहो, हे आपल्या घरच्या ग्रुपवर गेलं. अहिवाऱ्याच्या ताईंनी पाहिलं!"

कुसुमताई माझी थोरली बहीण. अहिवारा गावात एकटी राहते. हृदय नाजूक, डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसू देऊ नका. मी तिला ताबडतोब फोन लावला. उचलला गेला, एक किंकाळी ऐकू आली, मग काहीतरी सळसळत खोल गेल्यासारखा आवाज, आणि शांतता.

"तुमी कावून लावला फोन?" नंदा ओरडली. "त्यांच्या मोबाईलवर तुमचाच हारातला फोटो आला असन!"

मग नंदाने लावला. कोणी उचलेना. स्कूटर काढली.

अहिवाऱ्याच्या रस्त्यावर चुनखडीचे ट्रक धावतात. त्या धुळीत सूर्यही फिका झाला होता. नंदा माझ्या पाठीआड पदरात तोंड लपवून बसली. सगळी धूळ मी घेतली. केस, भुवया, मिशा, शर्ट, सगळं पांढरं फटक.

ताईच्या अंगणात बायका चटईवर गप्प बसल्या होत्या. मला पाहून एकही ओरडली नाही. सगळ्यांनी नुसते पाय आखडून घेतले आणि वाट करून दिली. दार आतून बंद. पुन्हा फोन लावला. घंटी जमिनीखालून यावी तशी घुमत आली.

"ताई! दार उघड!"

"कोण?"

ती जिवंत होती!

"मी आहो, तुझा भाऊ."

"तो गेला. मोबाईलवर आलं."

"अगं, मी काय तुले भूत वाटून राहिलो?"

"भूत नसते!" आतून गर्जना झाली. (आमच्या धम्मात भुताखेतांना थारा नाही. गल्लीतली सगळी भुतं ताईनेच भाषणं देऊन हाकलली आहेत.) "भूत नसते, आन् तू मेला. मंग बाहेर कोण उभा हाय?"

एवढा शुद्ध तर्क मी कारखान्यात कधी ऐकला नव्हता.

"ताई, जय भीम, मी नंदा!" बायको धावून आली. "हे खरंच जिवंत आहेत. सकाळीच दोन बशा पोहे खाल्ले!"

दार फटीएवढं उघडलं. एक बोट बाहेर आलं आणि माझ्या गालावरून फिरलं. धूळ निघाली, खालची कातडी लागली. ताईने मला आत ओढलं, मिठी मारली, एक धपाटा घातला आणि तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून आपला मोबाईल बाहेर काढला.

माझं तोंड पुसता पुसता तिने विचारलं, "मी मेली असं यावर आलं असतं, तं तू आला असता का रे? का दोन हात जोडून मोकळा झाला असता?"

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवर कोणीतरी गेलं होतं, सोबत पुन्हा धुरकट चौकोन. माझा अंगठा सवयीने निघालाच होता, तो ताईने घट्ट धरला.

"आदी पाहून घे," ती म्हणाली, "तूच तं नाही ना!"