पावलोच्या आत्याने दिलेली खोली

मंडळी, आज इथे आखातात, मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपात साखर संपली. एवढा घोर अन्याय झाल्यावर मी सोबत काम करणाऱ्या ब्राझीलच्या पावलोकडे चमचाभर साखर मागायला गेलो.

बोलता बोलता त्याला सांगितलं, माझी भाची परवा मॅसॅच्युसेट्सला पोचतेय आणि राहायला खोली नाही. आपल्या मराठी ग्रुपवर विचारलं होतं. "गाव कुठलं? तालुका?" एवढ्या चौकशीनंतर सगळ्यांनी नुसते आशीर्वाद दिले.

पावलो म्हणाला, "फ्रॅमिंगहॅम, मार्लबरो, समरव्हिल, तिथे सगळीकडे आमची माणसं आहेत. यल्ला, चल, आत्याला फोन लावतो."

फ्रॅमिंगहॅमच्या आत्याने एकच विचारलं, "पोरगी भात खाते ना? मग येऊ दे."

खरं सांगा, आपण तालुका न विचारता दार उघडलं असतं?

ख्रिसमसच्या शिफ्टला पावलोचं नाव होतं. ते खोडून मी माझं लिहिलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.