ताहिराच्या दाराची कडी

रत्नागिरीच्या खाडीकाठचा अब्बास बोटीवर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. ट्रिनिडादला त्याने तिथल्याच हिंदुस्थानी वस्तीतल्या ताहिराशी लग्न केलं. पाठोपाठ बातमी आली, की कॅरिबियनमधल्या एका बेटावरचा हुकूमशहा परक्या लोकांना फुकट जमीन देतोय. निर्वासित, भटके, कोणीही या! असा दाता भेटला म्हणून अब्बास हरखून गेला. बायकोला घेऊन तो तिथे गेला, तर हातात आली ती सरहद्दीवरची जमीन, नुसते दगडधोंडे. तीही तिथल्या गरिबांना हुसकावून रिकामी केलेली. आणि एकदा आलेल्याला परत जायची मुभा नाही.

पोटाला मिळेना, तेव्हा अधिकाऱ्याच्या हातापाया पडून अब्बासने पुन्हा बोट धरली. ताहिरा आणि लहानगी लेक असमा मागे ओलीस राहिल्या. निघताना त्याने बजावलं, "मी येईस्तोवर घर सोडायचं नाही. कोणी काही सांगो, आतून कडी लावून बस." त्याची आई असंच करायची. बाप दर्यावर असला की ती माहेरीसुद्धा जात नसे. बायको जागची हलली नाही की खलाशी परततो, अशी तिची पक्की समजूत होती.

अब्बास परतला नाही. आजारी म्हणून बोटीने त्याला कुवेतला उतरवलं आणि तो तिथेच अडकला. शुवैख बंदरातल्या मेसमध्ये भात-सालन शिजवायचा, मिरकाब मोहल्ल्यात गाववाल्या कमालच्या खोलीत राहायचा. जीव सगळा तिकडे. हुकूमशहा मेल्याशिवाय मायलेकी सुटत नाहीत, म्हणून हा मुंगीलाही न दुखावणारा माणूस प्रत्येक नमाजानंतर एकाच्या मरणाची दुआ मागायचा.

१९६१च्या उन्हाळ्यात ती दुआ कबूल झाली. हुकूमशहाला गोळ्या घातल्याचं रेडिओने सांगितलं. थोड्याच दिवसांत कुवेतही स्वतंत्र झालं. अब्बासने साऱ्या मेसला शिरा खिलवला.

हिवाळ्यात त्याचा बोटीवरचा जुना सोबती जाफर तिकडची फेरी करून आला. अब्बासने त्याला दारातच धरलं.

"बोल ना रे! भेटल्या का?"

"आमची बोट तिथल्या बंदरात होती, अब्बासभाय, म्हणून मी वस्तीवर गेलो. हुसकावलेले लोक जमिनी परत घ्यायला आले, चिडून आले. वस्तीतली माणसं मिळेल त्या ट्रकात चढली. मी भाभींचं दार ठोठावलं, हात जोडले. आतून म्हणाल्या, ते आल्याशिवाय मी हलणार नाही."

"मग?"

"वस्ती पेटवली. दोघींना माती मीच दिली."

अब्बासने विचारलं, "कडी?"

"आतूनच होती."

दोष तुझा नाही, त्या हरामखोर हुकूमशहाचा आहे, असं कमालने परोपरीने समजावलं. अब्बास ऐकून घ्यायचा. पण त्या दिवसापासून तो खोलीचं दार लावू देईना. बाहेर धुळीचं वादळ उठलं तरी नाही.

"दार लाव की रे, ताटात रेती येतेय!" एकदा कमाल ओरडला.

"येऊ दे," अब्बास म्हणाला. "आतल्या माणसाला निघता आलं पाहिजे."