खर्रा तोंडात धरून शिकवलेली भूमिती

घशाचं ऑपरेशन झालं आणि बाबांचा आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. राग मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही. जन्मभर या माणसाने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला आणि गालात धरला. वर्गात शिकवतानाही धरला, माझ्या लग्नात पाहुण्यांशी मान वर करून बोलले तेव्हाही धरलेलाच होता. आता ते पाटीवर खडूने लिहून बोलतात. आई म्हणायची, "आवाज गेला तं गेला, माणूस हाये न घरी."

मला वाटलं, तिच्यापुरता तो विषय संपला. पण दिवाळीत मी एटापल्लीहून बल्लारपूरला घरी आले, तेव्हा भांडी घासता घासता ती एकदम थांबली. "तुया बाबाचा आवाज कसा होता वं? मले आठवतच नाई." ती घाबरली होती. तिला घाबरलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

मग मी आवाज शोधायला बसले. लग्नाच्या व्हिडिओत बाबा भरपूर आहेत, पण व्हिडिओवाल्याने सगळ्यांच्या बोलण्यावर गाणी चढवलेली. फोनवर बोलायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा. उरली ती लॉकडाऊनमधली भूमिती. तेव्हा दहावीच्या पोरांसाठी ते कॉम्प्युटरवर आकृत्या काढत, बोलत बोलत स्क्रीन रेकॉर्ड करायचे. ते धडे एका पेन ड्राइव्हवर होते. मी लॅपटॉपला लावला, तर एकही फाईल उघडेना.

ज्या प्रोग्रॅमवर त्यांनी रेकॉर्डिंग केलं, त्याच्या फाईली फक्त त्यालाच उघडायच्या. दुसऱ्याला दाखवायचं तर त्यातून साधा व्हिडिओ काढावा लागे. बाबांनी तो काढला होता, पोरांना पाठवलाही होता. पुढे जागा कमी पडली तेव्हा नेमके ते व्हिडिओ पुसून टाकले.

"काऊन पुसले जी?" मी ओरडलेच.

पाटीवर उत्तर आलं : "त्या नकला होत्या. अस्सल जपून ठेवलं."

मास्तरच ते! झेरॉक्स फाडायची आणि मूळ प्रत जपायची, हीच आयुष्यभराची सवय. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मुक्या माणसाशी भांडायचं तरी किती? समोरून खडूच येतो.

फाईलच्या नावाचं शेपूट बदलून पाहिलं, काही झालं नाही. इंटरनेटवर फाईल बदलून देणाऱ्या साइट असतात, त्यांच्याकडे चढवून पाहिली. अर्धी दुपार ती चढत राहिली आणि शेवटी ओळखता येत नाही म्हणून परत आली. बाबांचा जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेला. आई मधूनमधून दारात येऊन विचारायची, "निंगते का?" आणि मी तिच्यावरच खेकसायचे.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झालं. फाईलची मनधरणी करण्यापेक्षा तिचा धनीच घरी आणावा, असं सुचलं. त्या कंपनीने तोच प्रोग्रॅम थोडे दिवस फुकट वापरायला ठेवला होता. तो लॅपटॉपवर घेतला, फाईल त्यात ओढली, आणि पडद्यावर बाबांच्या हातचा त्रिकोण उमटला. लगेच साधा व्हिडिओ काढून घेतला. फुकटातला माल म्हणून त्रिकोणावर कंपनीचा भलामोठा आडवा शिक्का आला. आवाजावर शिक्का नव्हता. माझ्या जिवात जीव आला.

बाबा शेजारी येऊन बसले. मी व्हिडिओ लावला.

"हं, आहा हा हिहोन बहा..."

खर्रा! तोंड भरून खर्रा! एवढा आटापिटा करून काय मिळालं, तर गालातला खर्रा. मी बाबांकडे बघितलं. त्यांचे खांदे गदागदा हलत होते, आवाज नसलेलं हसू. मग मलाही हसू फुटलं. व्हिडिओत खुर्ची सरकली, दार वाजलं, बाहेर थुंकल्याचा आवाज आला, आणि मोकळ्या तोंडाने बाबांनी खणखणीत हाक मारली, "अवं, आयकून राह्यली का? चहा ठेव न!"

"ठेवतो न जी!"

हे उत्तर व्हिडिओतलं नव्हतं, मागच्या अंगणातून आलं होतं. पाठोपाठ ओल्या हातांनी आई दारात आली. तिने आधी बाबांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

"असाच होता," ती म्हणाली. "असाच होता वं. पुन्हा लाव."

मी पुन्हा लावला. तिने पुन्हा लावायला सांगितलं. दर वेळी बाबांची हाक आली की ती हळूच "हो जी" म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हलकं वाटलं. थोड्या वेळाने बाबांनी बाहीने पाटी पुसली आणि लिहून तिच्यासमोर धरलं : "मग चहा?"

त्या दिवशी चहा मी केला. आई उठायलाच तयार नव्हती.