सेट बंद करावा की चालू ठेवावा

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका ठाम माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाला नसेल, आणि एकाच प्रश्नावर त्यांच्याइतका गोंधळलेला माणूसही झाला नसेल. प्रश्न एवढाच होता की, घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकून झाल्यावर बंद करावा की चालूच ठेवावा. आबा (त्यांना सगळेच आबा म्हणत) फौजेच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. कोणती गाडी किती वाजता येईल, शेजाऱ्याने विहीर कुठे खणावी, यावर त्यांचे मत विचारण्याआधी तयार असे. रेडिओच्या बटनावर हात गेला की मात्र तो हात तिथेच थांबे. त्यालाही कारण होते. आतला मोठा व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारखी तापणारी काचेची नळी, ज्या नंबरचा होता, त्या नंबरचा माल येणे बंद झाले होते. होता तो शेवटचा. गेला की सेट गेला.

निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे ते साताऱ्यात होते. तिथला दुरुस्तीवाला त्यांच्यासारखाच माजी सैनिक. तो म्हणाला, "आबा, तापून तापून मरतोय त्यो. काम झालं की बंद करायचा." पुढे आबा मुलाकडे माधवनगरला आले, कारण माझे मेहुणे तिथल्या गिरणीत होते. सांगलीतल्या वयस्क मिस्त्रींनी सेट उघडून पाहिला आणि सांगितले, "सुभेदारसाब, बल्ब कवा जातो? बटन दाबताना. जळत असताना न्हाई जात. चालूच ठेवा." आबांना दोघांचेही पटले. पटल्यामुळे त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. खात्री करून घेण्यासाठी ते सेट गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीने साताऱ्याला जात आणि तसेच परत येत. एकदा शेजारी बसलेल्या बाईने आवाज बारीक करून विचारले, झोपलंय का. आबा म्हणाले, "त्येच तर कळत न्हाई."

अखेर त्यांनी एक मधला मार्ग काढला. सेट चालू ठेवायचा, पण आवाज शून्यावर. त्यातून नवीन अडचण उभी राहिली. फौजेचा नियम असा की, सेट चालू असेल तर त्याच्याजवळ माणूस असलाच पाहिजे. आबांनी घरात पाळ्या लावल्या. दुपारच्या जेवणानंतर बहीण त्या मुक्या पेटीसमोर बसून डाळ निवडी. मेहुणे गिरणीतून आल्यावर बसत आणि बसल्या बसल्या डुलक्या घेत, म्हणून त्यांना पाळी पुन्हा करावी लागे. शेजारी वही असे. बहिणीच्या अक्षरातली एक नोंद मी स्वतः वाचली आहे: सेट चालू. आवाज नाही. वर मांजर बसले आहे. मी साताऱ्याच्या एका दैनिकात काम करत असे आणि सुटी मिळाली की माधवनगरला जाई. एकदा मी उंबऱ्यात होतो, हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती. आबा म्हणाले, "आलास? बस. बारापर्यंत तुझी ड्यूटी." मी बसलो. बारापर्यंत काहीही घडले नाही, आणि तसे मी वहीत लिहिले.

आबांच्या पत्नीला घरात माई म्हणत. आबा जगाशी भरपूर बोलत, पण माईंशी त्यांचे बोलणे एकेका शब्दाचे असे. पाणी. आलो. जातो. फौजेतून त्यांची पत्रे यायची तीही अशीच, हे बहिणीने मला सांगितले होते. माईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांना सकाळचा बायकांचा कार्यक्रम आवडे. तेवढ्या वेळापुरता आबा आवाज वाढवत आणि संपला की पुन्हा शून्यावर नेत.

मग माईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, आणि मी रजा काढून माधवनगरला आलो. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले की, आठ दिवस उताणे पडून राहायचे, मान हलवायची नाही आणि मनाला त्रास करून घ्यायचा नाही. घरी आल्यावर माईंनी एकच गोष्ट मागितली. अंधारात वेळ जात नाही, तर रेडिओ दिवसभर बोलता ठेवा. आबा मला अंगणात घेऊन गेले. दिवसभर चालवून व्हॉल्व्ह गेला तर माई अंधारात आणि वर मुक्या घरात पडून राहणार. जपून चालूबंद केला आणि त्यात गेला, तरी तेच. "तू पेपरातला माणूस हायस. सांग," ते म्हणाले. मी सांगितले की मला माहीत नाही. ते आत गेले आणि त्यांनी आवाज वाढवला.

सेट पाच दिवस बोलला. सहाव्या दिवशी सकाळी वीज क्षणभर गेली आणि आली. काचेमागचा दिवा लागला, आवाज आला नाही. मिस्त्री सायकलवरून आले, म्हणाले, वीज गेली-आली म्हंजे बटन दाबल्यावानीच झालं की. साताऱ्याहून उलट टपाली उत्तर आले की, पाच दिवस तापवल्यावर दुसरे काय होणार. आबांना पुन्हा दोघांचेही पटले.

पण ही नंतरची गोष्ट. त्या सकाळी बायकांच्या कार्यक्रमाची वेळ झाली तेव्हा आबा माईंच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसले. घसा साफ केला. मग खिडकीतून जे दिसत होते ते, चौकीवरून खबर द्यावी तसे सांगू लागले. समोर कडुलिंब. लिंबाखाली बैलजोडी. उजव्या अंगाचा काळा, शिंग मोडलेला. अर्ध्या तासात खिडकीतले सगळे सांगून संपले. नंतर त्यांनी बर्फातल्या एका चौकीचे सांगायला घेतले. मुलगा झाल्याचे कार्ड तिथे एकोणीस दिवसांनी पोचले होते. ड्यूटीवर होते, सेट सोडता येत नव्हता, म्हणून कानाला हेडफोन लावूनच रडले. शेजारच्या जवानाला वाटले, वाईट खबर आली.

माई हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आवं, ह्ये कवा बोलला न्हाईसा."

"तवा तू माझ्याकडं बघत असायचीस," आबा म्हणाले.

पुढचे दोन दिवस ते बोलत राहिले. घरातले कोणी आत जात नव्हते.

पट्टी सोडायला सांगलीला मी दोघांना घेऊन गेलो. आबा औषधाचे थेंब आणायला बाहेर गेले असताना डॉक्टरांनी पट्टी काढली आणि बोटे दाखवली. माईंनी तीन सांगितली, मग दोन. दोन्ही वेळा बरोबर. भिंतीवरच्या कॅलेंडरातला गणपतीही त्यांनी ओळखला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला.

परतताना टांग्यात आबा पुन्हा एकेका शब्दावर आले होते. चढ, म्हणाले. सरक, म्हणाले. टांगा गावाबाहेर पडल्यावर त्यांनी समोर बघतच विचारले, "दिसतंय?"

"न्हाई अजून," माई म्हणाल्या. "समदं धुरकट हाय."

मला कॅलेंडरातला गणपती आठवला.

आबांनी रस्त्याच्या कडेला नजर टाकली. मग म्हणाले, "डावीकडं उसाची गाडी चाललीय. बैल दमल्यात. गाडीवान खाली उतरून चालतोय." माधवनगरच्या गिरणीची चिमणी दिसेपर्यंत ते एकेक गोष्ट सांगत राहिले. माईंनी काळ्या चष्म्यासकट मान वळवली होती, पण रस्त्याकडे नव्हे. आबांच्या तोंडाकडे.